छत्रीच्या कापडाचं लुगडं

मला लुगडं आणायला पाठवलं होतं, आणि मी छत्री घेऊन आलो.

छत्री म्हणजे पावसातली नव्हे. विमानातून शिपाई उडी मारतात तेव्हा डोक्यावर उघडते ती. लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, पण देहूरोडच्या बाजूला लष्कराच्या जुन्या मालाचे लिलाव अजून होत, आणि तिथून सुटलेला माल पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या दुकानांत येऊन पडे. ब्लँकेटं, बूट, पाण्याच्या बाटल्या, खाकी डगले. त्या दिवसांत आमच्याकडं हौदावर पाणी भरायला निघालेला माणूससुद्धा मोहिमेवर निघाल्यासारखा दिसायचा.

दुकानदारानं एक गाठोडं सोडून दाखवलं. "असली रेशम है भाई, हाथ लगाके देखो." मी हात लावला. खरंच रेशीम होतं. पांढरं, मऊ, हातातून निसटणारं. रेशमाचं लुगडं घेण्याची ऐपत आमच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती, आणि इथं तर ते वजनावर मिळत होतं. मी सगळं गाठोडंच उचललं आणि बाजीराव होऊन घरी आलो.

बायकोनं ते चाळीच्या खोलीत जमिनीवर पसरलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. एक सरळ तुकडा नाही. सगळे तिकोनी. एका टोकाला खाटेएवढे रुंद आणि दुसऱ्या टोकाला मुंगसाच्या शेपटीसारखे निमुळते.

"हे काय आणलंत?"

"रेशीम."

"रेशीम दिसतंय. पण हे नेसायचं, का घराच्या छपरावरून उडी मारायची?"

मग तिनं दुसरी पिशवी उघडली. पिंजाऱ्याकडून चांगला भरपूर कापूस आणा, असं तिनं चार वेळा बजावलं होतं. पण डोक्यावर गाठोडं असल्यामुळं एका हातात मावली तेवढी एकच लहान पिशवी मी आणली होती.

"कापूस एवढाच?"

"पुरेल की," मी म्हणालो.

हे 'पुरेल की' पुढं मला बरीच वर्षं पुरलं.

लुगडं माझ्या वहिनीसाठी होतं. मी लहान असताना आमची आई गेली, आणि दादाचं लग्न होऊन जी मुलगी चाकणजवळच्या आमच्या घरी आली, तिनंच मला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, आता लग्नाला आली होती. माणच्या एका बऱ्या शेतकऱ्याच्या घरी जमलंही होतं. वैशाखातला मुहूर्त धरला होता. आणि वहिनीला क्षय होता.

हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. 'मोठा खोकला' म्हणत. छातीच्या दवाखान्यात ती कित्येक महिने होती. सुया सुरू झाल्या, पण उशीर झाला होता, आणि डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, काय खावंसं वाटेल ते द्या. गावात आम्ही सांगितलं, माहेरी गेली होती, तिची आई आजारी आहे. तिची आई बिचारी कधीच वारली होती. पण मेलेल्या माणसाला आजारी पाडणं फारसं अवघड नसतं.

क्षय कळला असता तर लग्न मोडलंच असतं. नुसतं हेच नाही, पुढं दुसरं जमण्याचीही आशा नव्हती. आजार रक्तातून उतरतो, आईचा मुलीत येतो, अशी तेव्हा समजूत होती, आणि ज्या घराला एकदा तो शब्द चिकटला त्या घराच्या विहिरीवर कुणी पाणीसुद्धा पीत नसे. वहिनीनं दवाखान्यातून येण्याआधीच मुलीला आमच्याकडं पिंपरीला पाठवून दिलं होतं. "लग्न हुईस्तोवर तिथंच राहू द्या," एवढाच निरोप. स्वतः ती गोठ्याशेजारच्या पडवीत राहायची, तिची ताटवाटी वेगळी. मुलगी भेटायला गेली की ही पडवीत आणि ती अंगणात, मध्ये दावणीला बांधलेला बैल. असं दोघी बोलत बसायच्या.

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होतो. गावात त्यामुळं माझा दबदबा डॉक्टरपेक्षा जास्त होता. "आमच्या म्हातारीला दोन बाटल्या आण की राव, तुझ्याच हातातून जात्यात," लोक म्हणायचे. हातातून जात होत्या खऱ्या, पण रिकाम्या. आणि भरलेल्यांतल्या औषधालासुद्धा वहिनीचा रोग भीक घालणारा नव्हता.

तर प्रश्न असा होता: लग्नाला मुलीची आई मांडवात उभी हवी. ती दिसली नाही तर चौकशी, आणि दिसली तर त्याहून मोठी चौकशी. कारण वहिनीचं पार चिपाड झालं होतं. तेव्हा बायकोनं ठरवलं की आपण जाऊबाईंना सजवायचं. असं सजवायचं की मांडवात सगळ्यांनी लुगडं बघावं, बाई बघूच नये.

मी आणलेल्या छत्रीवर तिनं दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवशी कात्री घेतली. एक तुकडा सुलटा, त्याला लागून दुसरा उलटा, असे जोडले की दोन तिकोनांचा एक सरळ पट्टा होतो, हे तिला जमिनीवर मांडून मांडून सापडलं. शिवणी तिरप्या येत होत्या, त्या निऱ्यांत आणि काष्ट्यात दडवल्या. पदराला मात्र एक अखंड रुंद तुकडा ठेवला.

मग रंग. सवाष्णीला हिरवा, असं मी शहाणपण केलं.

"हिरवा नको," ती म्हणाली. "हिरवा आजारी माणसाच्या तोंडावर चढतो. पिवळं माणूस आणखी पिवळं दिसतं. डाळिंबी घेऊ. डाळिंबी रंगाचा उजेड गालावर पडतो."

रंगाच्या पुड्या आणल्या, शेजाऱ्यांचं मोठं पातेलं मागून आणलं आणि चाळीच्या मागं तीन दगडांवर चढवलं. ढवळायचं काम माझ्याकडं. लाकडी दांडा अर्ध्यातच मोडला, म्हणून मी हातानं कापड वर ओढलं, आणि कोपरापर्यंत डाळिंबी झालो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळं पांढरंशुभ्र, आणि त्यात मी हे हात घेऊन उभा. साहेबांनी विचारलं, "खून केलास काय?" रंग निघेपर्यंत मला बाटल्यांना हात लावू दिला नाही, झाडू दिला.

काठ कुठून आणायचा, हे मला कळलं नाही. एक दिवस कामावरून आलो तर डाळिंबी कापडाला जरीचा रुंद काठ लागलेला. ओळखीचा वाटला. ट्रंक उघडून पाहिली तर बायकोचा लग्नातला शालू घडी घालून ठेवलेला, दोन्ही बाजूंनी उसवलेला, सोललेल्या उसासारखा. मी तिच्याकडं पाहिलं.

"मला काय करायचाय?" ती म्हणाली. "माझं लग्न झालंय."

खरी करामत चोळीची होती. चोळी दुहेरी कापडाची, कोपरापर्यंत बाह्यांची, आणि दोन कापडांच्या मध्ये कापूस घालून गोधडीसारखे बारीक टाके मारलेले. दंडांना कापूस, खांद्यांना कापूस, छातीला कापूस. गळ्याची हाडं झाकायला छावणीतल्या दुकानातून सोन्याचं पाणी दिलेल्या पितळी मण्यांच्या माळा, एकावर एक. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत, म्हणून त्या आतून दोऱ्यानं बाहीला टाचायच्या. लुगड्याच्या आत आणखी दोन जुनी लुगडी, कमर भरावी म्हणून. ओठांना विडा, गालांना खोबरेल तेलात चोळलेलं चिमूटभर कुंकू. नाटकातल्या माणसांनीसुद्धा एवढ्या थोडक्यात राणी उभी केली नसती.

लग्नाच्या आठवडाभर आधी आम्ही गावी जाऊन पडवीत तालीम केली. बायकोनं आत तिला नेसवलं, आणि मग मला हाक मारली.

मी दारात उभा राहिलो. आणि खरं सांगतो, माझ्या लहानपणीची वहिनी समोर उभी होती. भरलेली, गोरी, गाल तांबूस. मला क्षणभर वाटलं, आता ही मला कान धरून न्हाणीघरात नेणार.

"काय भावजी," ती म्हणाली, "जमलं का बुजगावणं?"

"वहिनी, असं काय बोलता?"

"खरं तेच बोलते. रानातल्याला जुनं धडुतं असतं, मला रेशमाचं. पाखरं भ्याली म्हंजी झालं." आणि हसता हसता तिला ढास लागली. बायकोनं तिला बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मी बाहेर आलो आणि बैलाच्या दावणीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. आत दोघी जावा बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. बायकांचं शिवणकामाचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवावरची जांभळीची डहाळी दुपारच्या आत करपली. त्या उन्हात वहिनी कापूस आणि तीन लुगडी अंगावर घेऊन बसली होती. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. घाम तिला येतच नव्हता. मला मात्र धोतरापर्यंत आला होता.

वऱ्हाड माणहून गाड्यांतून आलं. मुलाची आई सगळ्यांत पुढच्या गाडीत. उंच, दणकट बाई, आवाज असा की शिवारापलीकडून माणूस बोलवावं. तिच्याबद्दल आधीच ऐकून होतो. बैल घ्यायला नवऱ्याबरोबर बाजारात जायची आणि दात स्वतः बघायची. मांडवाच्या दारात ती थांबली, वहिनीला आपादमस्तक पाहिलं, आणि म्हणाली, "आवो इहीणबाई! लुगडं कुठलं म्हनायचं हे? पुण्याचं का?"

"आमच्या भावजींनी आनलं," वहिनी म्हणाली. "लई लांबून आलंय. वरनं."

मी दुसरीकडं पाहिलं. बायकोनं पदर तोंडाशी धरला.

"आन चांगल्या भरल्या अंगाच्या हायसा की. लोकं काय बी बोलत्यात."

म्हणजे लोक बोलत होते. दादाचा चेहरा उतरला. पण ती बाई हसत होती, आणि मला वाटलं, निभावलं. छत्री उघडली, शिपाई अलगद खाली आला.

आणि मग भटजींनी पुकारलं, "व्याहीभेट."

आमच्याकडं मुहूर्ताच्या आधी दोन्ही घरच्यांची गळाभेट होते. बाप बापाला भेटतो, मामा मामाला, आणि आई आईला. हे का मला ठाऊक नव्हतं? जन्मभर पाहत आलो होतो. पण आम्ही महिनाभर फक्त डोळ्यांचा विचार केला होता. कुठून कसं दिसेल, उजेड कुठून पडेल, हाड कुठं झाकेल. मिठीचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. आणि चोळीच्या पाठीला कापूस नव्हता.

दादा आणि व्याही भेटले. मग ती बाई दोन्ही हात पसरून पुढं झाली. वहिनी मागं सरली नाही. उलट स्वतःच एक पाऊल पुढं गेली, तोंड तेवढं बाजूला वळवून पदराचा बोळा ओठांशी धरला, आणि भेटली.

मी वहिनीच्या मागं होतो. मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून व्याहीणीचा चेहरा. बाईचे हात वहिनीच्या पाठीवर आले आणि जागच्या जागी थांबले. मग उजवा तळवा सावकाश खाली गेला, फासळी फासळी मोजत असल्यासारखा. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. हसू तसंच होतं, पण त्याच्या आतलं कुणीतरी उठून गेलं होतं. वहिनी तिच्या कानाशी काहीतरी बोलली का? मला ऐकू आलं नाही. वाजंत्री चालू होती.

मला वाटलं, आता ओरडेल. गाड्या जुंपा म्हणेल. हळद लागलेली मुलगी आत पाटावर बसली होती.

बाईनं मिठी सोडली. वहिनीच्या पदराची बाजू सारखी केली. आणि मोठ्यानं म्हणाली, "ऊन किती ह्ये! मला न्हाई बाई उभं राहवत. आमा दोघींला बसाया द्या कुणीतरी." वहिनीला दंडाला धरून तिनं सावलीत नेऊन बसवलं आणि अक्षता पडेपर्यंत शेजारून हलली नाही. कुणी बोलायला आलं की हीच उत्तर द्यायची.

लग्न लागलं. मुलगी गाडीत बसली तेव्हा वहिनी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मुलगी रडत धावत आली, पण व्याहीण मध्येच आली आणि तिला आपल्या अंगाशी घेऊन परत गाडीकडं घेऊन गेली. "मुहूर्त टळतोय," म्हणाली.

संध्याकाळी बायकोनं वहिनीला उकललं तेव्हा चोळीतला कापूस निथळत होता. घाम येत नव्हता असं मला वाटलं होतं, तो सगळा आत गेला होता.

पाचव्या दिवशी पाचपरतावणाला मुलगी माहेरी यायची. दादा गाडी घेऊन माणला गेला. त्याला पुरणपोळी खाऊ घातली, नवं उपरणं दिलं, आणि गाडी रिकामी परत पाठवली. घरात पाहुणे आहेत, पुढच्या पंधरवड्यात पाठवू. पुढच्या पंधरवड्यात पेरणी होती. आखाडात नव्या सुना महिनाभर माहेरी असतात, तेव्हा सासऱ्यांना बरं नव्हतं. नागपंचमीला गावातल्या सगळ्या पोरी झोक्यावर होत्या, आमची नव्हती. दर वेळी दादा येऊन पडवीच्या दारात उभा राहायचा.

"न्हाई धाडली?" वहिनी विचारायची.

"न्हाई."

"बरं," म्हणायची, आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

त्या 'बरं'नं माझं काळीज फाटायचं. मी माणला जाऊन त्या बाईला चार गोष्टी सुनवणार होतो. दादानं अडवलं. "तिनं लग्न मोडलं न्हाई, तेवढं पुष्कळ झालं," तो म्हणाला. "आता तिच्या घरात आपलं काय चालतंय?"

श्रावण संपता संपता वहिनी गेली.

सवाष्ण गेली की तिला नवरीसारखं नेसवतात. माहेरचं हिरवं लुगडं यायचं ते कुणाकडून येणार? बायकोनं ट्रंकेतून डाळिंबी लुगडं काढलं. "हेच नेसवायचं, त्यांनी सांगून ठेवलंय," म्हणाली. या वेळी कापूस नव्हता, आतली लुगडी नव्हती. निऱ्या कितीही घातल्या तरी कापड उरतच होतं. हातभर काठ नुसता बाजूला पडून राहिला होता, आणि तिरप्या शिवणी सगळ्यांना दिसत होत्या.

माणहून गाडी आली. व्याहीण उतरली, तिच्या हातात खणानारळ होता. मागून मुलगी. व्याहीणीनं तिला अंगणाच्या कडेलाच धरून ठेवलं. "हितनं," ती म्हणाली, "हितनंच बघ." मुलगी आईपर्यंत पोचायला धडपडत होती आणि ती दणकट बाई तिला दोन्ही हातांनी आवळून उभी होती. शेवटी स्वतः एकटी पुढं गेली, वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. वाकून लुगड्यावरून एकदा हात फिरवला. आली तशी मुलीला घेऊन गेली.

या बाईला मी कधी माफ केलं नाही. ती वारली तेव्हा माणला तोंडदेखलं जाऊन आलो तेवढंच.

आता त्याच पुतणीच्या मुलीचं लग्न आहे. परवा सगळी पोरंसोरं आमच्या घरी कपडे बघायला जमली होती. आता नायलॉन आहे, टेरिलिन आहे, शिवणयंत्र घरोघरी आहे. घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडं असल्यामुळं मी ही गोष्ट पुन्हा सांगितली, जशी दर लग्नाला सांगतो. छत्रीला पोरं हसली. डाळिंबी हातांना हसली. मग शेवट मी नेहमीसारखाच केला: माणसानं कापूस दोन पिशव्या आणला असता तर पाठ भरली असती, व्याहीणीला कळलं नसतं, आणि या तुमच्या आईला तिची आई शेवटची भेटली असती. पण माणूस म्हणाला, पुरेल की. पुतणी हसली नाही. ती या जागेवर कधीच हसत नाही, उठून चहाचं बघते.

सगळे गेल्यावर बायको पसरलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला म्हणाली, "पुढच्या वेळी शेवट असा सांगू नका."

"का? खोटं आहे काय?"

"खोटंच आहे. मी इतकी वर्षं गप्प बसले, कारण जाऊबाईंनी शपथ घातली होती. व्याहीण आहे तोवर बोलू नको म्हणाल्या होत्या. आता तीही नाही. तालमीच्या दिवशी मी पाठ भरायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला. पुढून भर, खांदे भर, पाठ तशीच ऱ्हाऊ दे. मी म्हटलं, अहो, व्याहीभेटीला हात पाठीवरच जातो. म्हणाल्या, म्हनूनच. मांडवाला दिसाया नको, पन त्या एकटीला कळाया पायजे. म्हंजी पोर माझ्याकडं परत धाडायची न्हाई. मी म्हटलं, आणि लग्न मोडलं तर? तर म्हणाल्या, हळद लागल्याली पोर बघून बी मोडंल, असलं घर आसंल तर माझी पोर तिथं न गेल्यालीच बरी." तिनं घडी ट्रंकेत ठेवली. "आणि कापूस उरला होता. पुढं तुमच्याच उशीत घातला. इतकी वर्षं त्याच्यावरच डोकं ठेवून झोपताय."